सिंप्युटरपासून साउंडबॉक्सपर्यंत : हातातील तंत्रज्ञानाचा प्रवास



बंगळुरूच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वसाहत आहे. १८९८ च्या प्लेगने शहर हादरले. त्यानंतर जुन्या पेठांतील दाटी कमी करण्यासाठी ज्या मोकळ्या वसाहती आखण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. बसवनगुडी म्हणजे बसवाचे, अर्थात नंदीचे देऊळ. या देवळासमोरच्या रस्त्यावर दरवर्षी कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकायी परिषे’ म्हणतात. आसपासच्या तालुक्यांतून आलेले शेतकरी आणि किरकोळ विक्रेते रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग मांडून बसतात.

याच बसवनगुडीत नॅशनल कॉलेज आहे. डॉ. एच. नरसिंहय्या यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये तेथे बंगलोर सायन्स फोरम स्थापन झाले आणि विज्ञानावरील व्याख्याने सामान्य नागरिकांसाठी खुली झाली. एकाच वसाहतीत एकीकडे विज्ञान लोकांपर्यंत नेणारे व्यासपीठ आणि दुसरीकडे शेंगांच्या ढिगामागे बसलेला माणूस, असे हे चित्र आहे. या दोहोंमधील अंतर पायी काही मिनिटांचे असले, तरी तंत्रज्ञानाला ते ओलांडण्यास अनेक वर्षे लागली. ही वर्षे का लागली आणि अंतर कोणत्या वाटेने कमी झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बंगळुरूचा एक प्रयोग

ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळुरूत विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. संगणक श्रीमंत देशांच्या गरजांसाठी घडवला जातो. इंग्रजी न जाणणाऱ्या, वाचता न येणाऱ्या आणि विजेची शाश्वती नसलेल्या माणसासाठी तो कसा असावा, असा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला. त्यातून एका नव्या उपकरणाची कल्पना जन्मली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळुरूच्या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी एकत्र आले. १९९९ मध्ये सिंप्युटर न्यास स्थापन झाला आणि एप्रिल २००१ मध्ये उपकरणाचा नमुना जगापुढे ठेवण्यात आला.

साधा, स्वस्त, बहुभाषिक आणि लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ‘सिंप्युटर’ हे नाव घडले. तळहातावर मावणाऱ्या या यंत्राला कळफलक नव्हता. पडद्यावर लेखणी टेकवून त्याला आज्ञा देता येत. पडद्यावरील मजकूर भारतीय भाषेत मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय त्यात होती. बाजारात मिळणाऱ्या साध्या बॅटरीवर ते चालावे, असा नमुन्याचा विचार होता. किंमत सुमारे ९ हजार रुपये राहील, असा संशोधकांचा अंदाज होता.

ही रक्कमही गरीब कुटुंबाला परवडणारी नाही, याची जाणीव संशोधकांना होती. म्हणून त्यांनी यंत्रात स्मार्ट कार्डाची खाच ठेवली. यंत्र गावाचे, कार्ड मात्र ज्याचे त्याचे, अशी ती योजना होती. गावकऱ्याने आपले कार्ड घालावे, आपला हिशेब, आपली नोंद पाहावी आणि कार्ड काढून यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे. यंत्राचा आराखडाही गुप्त ठेवलेला नव्हता. न्यासाकडून परवाना घेऊन कोणत्याही उत्पादकाला ते बनवता येत असे, आणि विकसनशील देशांतील उत्पादकांसाठी परवाना शुल्क बरेच कमी होते.

काळाच्या पुढचे यंत्र

सिंप्युटरच्या अंतरंगाकडे आज पाहिले, तर आश्चर्य वाटते. त्यात एआरएम रचनेचा कमी वीज घेणारा प्रक्रियक होता आणि तो लिनक्स या मुक्त स्रोत प्रणालीवर चालत असे. आज जगातील बहुतेक भ्रमणध्वनींतील प्रक्रियक एआरएम रचनेचेच असतात. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइड प्रणालीचा गाभाही लिनक्सचाच आहे. ज्या जोडीवर पुढे कोट्यवधी भ्रमणध्वनी चालले, ती जोडी बंगळुरूच्या संशोधकांनी त्यापूर्वीच निवडली होती.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या सहकार्याने ‘अमिडा सिंप्युटर’ बाजारात आला. हे यंत्र हातात तिरके केले की पडद्यावरील पान उलटत असे. ही किमया त्वरणमापकाची होती. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक स्प्रिंगांनी तोललेले एक सूक्ष्म वस्तुमान असते. यंत्र हलले की ते किंचित सरकते. त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलावरून यंत्राला आपला कल समजतो. भ्रमणध्वनी आडवा धरला की चित्र आडवे होते, ते याच तत्त्वामुळे. आयफोन बाजारात आला तो २००७ मध्ये, म्हणजे अमिडानंतर तीन वर्षांनी.

अपेक्षा आणि वास्तव

कल्पना उत्तम, तंत्र प्रगत आणि हेतू निर्मळ असूनही सिंप्युटर लोकांपर्यंत पोहोचला नाही. ५० हजार संच विकले जातील, अशी अपेक्षा होती. २००५ पर्यंत प्रत्यक्षात सुमारे ४ हजार विकले गेले. विद्यार्थ्यांनी या अपयशाची कारणे नीट समजून घ्यावीत. कोणत्याही तंत्रज्ञानविषयक धोरणाचे मूल्यमापन करताना ती उपयोगी पडतील.

पहिले कारण मागणीचे. इलेक्ट्रॉनिक वस्तू मोठ्या संख्येने बनल्या तरच स्वस्त होतात. मोठी मागणी नाही म्हणून किंमत उतरत नाही आणि किंमत उतरत नाही म्हणून मागणी वाढत नाही, अशा कोंडीत सिंप्युटर सापडला. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे १० हजार रुपयांपासून पुढे होती. ही कोंडी मोठ्या सार्वजनिक खरेदीने फुटू शकली असती. तशी खरेदी त्या प्रमाणात झाली नाही. दुसरे कारण सेवेचे. गावात यंत्र पोहोचले तरी त्यावर पाहायचे काय? बाजारभाव, जमिनीचा उतारा, बँकेतील शिल्लक ही माहिती रोज अद्ययावत होऊन यंत्रापर्यंत यावी लागते. त्यासाठी लागणारे जाळे खेड्यांत नव्हते. तिसरे कारण तातडीच्या गरजेचे. दूर शहरात काम करणाऱ्या मुलाशी बोलणे, ही कुटुंबाची पहिली निकड होती. सिंप्युटर वाचून दाखवत असे. पण दूरच्या माणसाशी बोलण्याची ही निकड त्याने भागत नव्हती.

ती भागवणारे दुसरे साधन याच काळात स्वस्त होत होते.

भ्रमणध्वनी कसा पसरला

भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीत संपर्क साधला. त्या काळी एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत असे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. भ्रमणध्वनी ही तेव्हा श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती.

हे चित्र बदलण्यात यंत्राच्या सुधारणेइतकाच धोरणाचा वाटा होता. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, स्थापन झाले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून त्याऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. आधीच्या पद्धतीत ग्राहक असोत वा नसोत, शुल्क भरावेच लागे आणि दर चढे राहत. नव्या पद्धतीत ग्राहक वाढवणे कंपन्यांच्या हिताचे ठरले. २००३ मध्ये कॉल करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, हा नियम आला आणि येणारे कॉल मोफत झाले. पूर्वभरणा पद्धतीमुळे मासिक बिलाची भीती गेली. गवंडी, सुतार, रिक्षाचालक यांना लहान रकमेत आठवडाभर लोकांच्या संपर्कात राहता येऊ लागले. २००४ मध्ये देशातील भ्रमणध्वनींची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली.

१९९९ च्या धोरणाने २०१० पर्यंत दर शंभर व्यक्तींमागे १५ दूरध्वनी हे उद्दिष्ट ठेवले होते. ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर देशातील दूरध्वनी ग्राहकांची संख्या सुमारे १२० कोटी होती. सिंप्युटरला जी कोंडी फोडता आली नाही, ती भ्रमणध्वनीने फोडली. त्यामागे नियमन, दररचना, मनोरे आणि गल्लीतील पुनर्भरणाचे दुकान अशी अखंड साखळी उभी होती.

वारणेचा धडा

हाच धडा महाराष्ट्रातील एका प्रयोगातूनही मिळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांचे केंद्र. १९९८ मध्ये तेथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा तो उपक्रम होता. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. ऊस उत्पादक शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजनाची पावती आणि बिलाची रक्कम यांसाठी कारखान्यावर हेलपाटे घालावे लागू नयेत, हा त्याचा मुख्य उपयोग ठरला.

पुढे बंगळुरूतील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. ही प्रयोगशाळा २००५ मध्ये स्थापन झाली होती. संगणक बहुतांशी उसाच्या हिशेबासाठीच वापरला जातो, हे त्यांच्या लक्षात आले. एवढ्या कामासाठी संगणक, त्याची वीज आणि त्याची निगा हा खर्च मोठा होता. म्हणून त्यांनी ७ गावांत ८ महिने एक चाचणी घेतली. संगणकाच्या जागी साधा भ्रमणध्वनी ठेवला आणि सारी देवघेव लघुसंदेशांतून केली. संगणक करीत असलेली सर्व कामे भ्रमणध्वनीने केली. खर्च घटला आणि शेतकऱ्यांची पसंतीही नव्या पद्धतीला मिळाली.

चाचणी यशस्वी का झाली, हे महत्त्वाचे आहे. वारणेत उसाची नोंद ठेवणारा कारखाना होता, त्याच्यावर विश्वास असलेले सभासद होते आणि त्यांना दर हंगामात लागणारी नेमकी माहिती होती. भ्रमणध्वनी या जिवंत व्यवस्थेला जोडला गेला. अशी व्यवस्था पाठीशी नसती, तर सर्वांत महागडे यंत्रही गावात धूळ खात पडले असते. विद्यार्थ्यांना अल्प दरात टॅबलेट देण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘आकाश’ योजनेचा अनुभवही याच दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. किंमत विलक्षण कमी होती. परंतु पडद्याचा प्रतिसाद व बॅटरी यांविषयीच्या तक्रारींमुळे आरंभीच्या संचाचा उत्साह लवकर ओसरला.

बोलणारी पेटी

आता पुन्हा बसवनगुडीच्या रस्त्यावर येऊ. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये एकीकृत देयक प्रणाली, म्हणजेच यूपीआय, सुरू केली. त्याच वर्षी डेटाचे दर झपाट्याने उतरले. आज बंगळुरूत भाजीवाल्याच्या गाडीवर किंवा चहाच्या टपरीवर क्यूआर संकेताचा फलक दिसतो. अनेक ठिकाणी त्याच्या शेजारी एक छोटी पेटी असते. तिला साउंडबॉक्स म्हणतात. ग्राहकाने पैसे पाठवले की ती किती रुपये मिळाले ते विक्रेत्याच्या भाषेत मोठ्याने सांगते.

या पेटीची रचना अगदी साधी आहे. आत एक सिमकार्ड, एक बॅटरी, एक ध्वनिवर्धक आणि लहानसा प्रक्रियक असतो. ग्राहकाच्या बँकेतून रक्कम विक्रेत्याच्या बँकेत जमा झाली की देयक सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडून भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून पेटीला सूचना मिळते. पेटी त्या सूचनेचे उच्चारात रूपांतर करते. खोटी पावती पडद्यावर दाखवून विक्रेत्याला फसवणे सोपे असते. गर्दीच्या वेळी हात कामात गुंतलेल्या, किंवा वाचता न येणाऱ्या विक्रेत्याला पेटीचा आवाज खात्री देतो.

सिंप्युटरच्या निर्मात्यांनी जे स्वप्न पाहिले होते, त्यातील मोठा भाग या पेटीत उतरला आहे. यंत्र बोलते, ते माणसाच्या भाषेत बोलते आणि अक्षर न ओळखणाऱ्यालाही उपयोगी पडते. फरक एवढाच, की पेटीला देशव्यापी जाळे, सर्व बँकांना समान मानक आणि रोजची गरज यांचा आधार मिळाला. साधा भ्रमणध्वनी वापरणाऱ्यांसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ सेवा सुरू झाली; तिच्यात इंटरनेटवाचून पैसे पाठवता येतात. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ उपक्रम भारतीय भाषांतील भाषांतर व वाणी-ओळख यांवर काम करतो. त्याआधी २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भ्रमणध्वनींत भारतीय भाषांची सोय असावी, यासाठी मानक ठरवले होते.

विश्वास मात्र यंत्राने आपोआप येत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे अनेक छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाख रुपये आणि सेवांना २० लाख रुपये ही उलाढालीची मर्यादा आहे. नोटिसा येताच बंगळुरूतील कित्येक दुकानांतून क्यूआर फलक उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे जुन्या थकबाकीबाबत राज्य सरकारला दिलासा द्यावा लागला. कर भरणे हे कर्तव्यच आहे. परंतु नियमांची माहिती आधी आणि नोटीस नंतर, हा क्रम पाळला गेला नाही तर लोक नव्या साधनाकडे पाठ फिरवतात, हे या घटनेने दाखवले.

उरलेले अंतर

एकूण ग्राहकसंख्येवरून समाधान मानणे योग्य नाही. मार्च २०२४ अखेर शहरी भागात दर शंभर लोकांमागे सुमारे १३४ दूरध्वनी जोडण्या होत्या. ग्रामीण भागात सुमारे ५९. शहरात एकाच व्यक्तीकडे दोन जोडण्या असतात आणि खेड्यात अनेकांकडे एकही नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी सुमारे ५४ टक्के महिलांकडे होता. ग्रामीण महिलांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. घरात भ्रमणध्वनी असणे आणि तो घरातील स्त्रीच्या हातात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिधा, शिष्यवृत्ती, मजुरी आणि लसीकरण यांच्या सूचना भ्रमणध्वनीवर येऊ लागल्या आहेत. ज्याच्या हातात तो नाही, त्याचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

दुसरे अंतर निर्मितीचे आहे. सिंप्युटरचा आराखडा भारतीय होता. पण त्यातील महत्त्वाचे सुटे भाग आयात करावे लागत. २०२० पासूनच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेमुळे देशात भ्रमणध्वनींची जुळणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आहे. चकत्या, पडदे आणि बॅटरीचे घट यांत आत्मनिर्भर होणे, ही पुढची पायरी आहे. जाळ्याच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये एक टप्पा गाठला गेला. भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. या जाळ्याच्या यंत्रसामग्रीत बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्स या कंपनीचा वाटा आहे. त्याचबरोबर जुन्या उपकरणांचा प्रश्नही सोडवावा लागेल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणे शास्त्रीय पद्धतीने पुनर्चक्रित करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

समारोप

स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकेत ‘डिजिटल दरी’ हा शब्द वारंवार येतो. तो लिहिताना विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली साधनाची उपलब्धता, दुसरी ते वापरण्याची क्षमता आणि तिसरी त्या वापरातून मिळणारा लाभ. सिंप्युटरने दुसऱ्या गोष्टीचे उत्तर शोधले होते, पण पहिली साधली नाही. भ्रमणध्वनीने पहिली साधली. दुसरी अजून अपुरी आहे. वारणेत तिन्ही एकत्र आल्या, म्हणून साध्या लघुसंदेशानेही काम भागले.

सिंप्युटरला केवळ फसलेला प्रयोग म्हणणे अन्यायाचे ठरेल. या यंत्राने प्रश्न अचूक मांडला होता. वाचता न येणाऱ्या माणसाला यंत्राने आपल्या भाषेत उत्तर दिले पाहिजे, हा आग्रह धरण्यास तेव्हा धाडस लागत होते. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांच्या टेबलावर नव्या उपकरणांचे अनेक प्रस्ताव येतील. त्या वेळी किंमत आणि वैशिष्ट्ये यांच्या तक्त्यापाशी न थांबता पुढे विचारावे : याला जोडणारे जाळे आहे का, यावर रोज उपयोगी पडेल अशी सेवा आहे का, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करील, आणि बसवनगुडीच्या रस्त्यावर शेंगा मोजून देणाऱ्या बाईला ते कोणाच्या मदतीविना वापरता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर उपकरण निवडण्याजोगे आहे, असे खुशाल समजावे.